सुई माझ्या शून्यावर

४ फेब्रुवारी

आज माझा घात झाला. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या एका डबीने केला.

मार्चअखेर साबण कारखान्याचा वार्षिक शटडाउन. कारखाना बंद ठेवून बॉयलरवरचे, टाक्यांवरचे सगळे गेज उतरवायचे, तपासायचे, परत चढवायचे. गेज म्हणजे दाब दाखवणारं घड्याळच. एक पाना आणि उसनी सायकल एवढंच भांडवल होतं तेव्हापासून हे काम माझं आहे. यंदा तिथल्या सेफ्टी ऑफिसरने नवीन टूम काढली. पंचावन्नच्या वरच्या कंत्राटदाराने म्हणे गेटवरच्या दवाखान्यात बीपी दाखवायचं. वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला तर बॉयलर हाउसची शिडी बंद.

म्हटलं, आधी रंगीत तालीम करावी. हिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पट्टा बांधला, डबी घरघरली, आकडा आला एकशे अडुसष्ट. मी विचारलं, हे यंत्र शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं? बाई म्हणाल्या, काका, तुम्ही आधी श्वास घ्या. म्हणजे केलेलं नाही.

मग हिचं मोजलं. एकशे अठ्ठेचाळीस. एकाच घरात दोघांना एकदम बीपी कसं होईल? डबी बिघडलेली आहे याला आणखी पुरावा नको. शिवाय तिला सुई नाही. ज्याला सुई नाही त्याच्या मताला मी किंमत देत नाही.

बाईंनी दोघांना गोळ्या दिल्या आणि सांगितलं, प्रोटीनकडे लक्ष द्या. पुढेही बरंच बोलत होत्या. मुद्दा पहिल्या वाक्यात असतो, बाकीचं पॅकिंग. माझे कान तिखट आहेत, पण पॅकिंगवर मी ते वाया घालवत नाही. ही मात्र मान डोलावत शेवटपर्यंत ऐकत होती.

५ फेब्रुवारी

निश्चय: प्रोटीन.

गोळी नको. एका लाइनवर दोन रेग्युलेटर लावले की दोघं भांडतात. गोळी खिडकीतल्या कुंडीत.

६ फेब्रुवारी

बायसेपकडे गेलो. हा आमच्या चौकातल्या जिमचा मालक. बाही इतकी घट्ट की हात कोपरापासून निळा पडतो. त्याने समजावलं: प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची माळ. एकूण वीस प्रकार. काही शरीर स्वतः बनवतं, काही बाहेरून आणावे लागतात. त्यातला एक रक्ताच्या नळ्या मोकळ्या करतो असं तो म्हणाला.

नळी म्हटल्यावर मला पुढचं समजावायची गरज नाही. नळी रुंद झाली की दाब उतरतो. हे मी बॉयलरवर शिकलो, कॉलेजात नाही. पावडरचा मोठा डबा आणि कॅप्सूलची बाटली घेतली. बायसेप म्हणाला, काका, आठवड्यात फरक जाणवेल. खरं बोलणारा माणूस.

ही डब्याकडे बघून म्हणाली, अहो, डॉक्टरांनी डाळी, वाटाणे, चवळी म्हटलं होतं, डबा नाही. म्हटलं, प्रोटीन ते प्रोटीन. ती म्हणाली, बाईंनी तसं म्हटलं नव्हतं. डाळीकडधान्यांतलं आणि मांसमच्छीतलं यात फरक पडत असावा असं दिसतं, अजून अभ्यास चालू आहे. पण मीठ कमी आणि गोळी रोज, यात मात्र शंका नाही. कॅप्सूलचं तर नावही काढलं नव्हतं.

सगळं पाठ! संसारात माझं एक वाक्य हिने असं लक्षात ठेवलं नाही.

९ फेब्रुवारी

माझा प्रोटीनचा आहार: सकाळी पावडर. मग खारे दाणे. दुपारी चीज, डब्यातले मासे. संध्याकाळी सॉसेज, परत खारे दाणे. सगळं प्रोटीन. एक घास वाया नाही.

हिचा आहार: उकडलेली चवळी, उकडलेला मसूर, उकडलेले वाटाणे, वर लिंबू. मिठाचा डबा फळीच्या टोकाला नेऊन ठेवलाय. ताटाकडे बघून पेशंटचं घर वाटतं. कीव येते.

१३ फेब्रुवारी

बीपीचं मशीन आणलं. खरं मशीन. सुई, रबराचा फुगा, कानात घालायची नळी. सामान्य माणसाला स्वतःचं बीपी कानाने ऐकता येत नाही. मी शेजारच्या शेडमधला व्हॉल्व्ह गळतोय हे चहा पिता पिता सांगतो, मला स्वतःचा हात काय कठीण!

मोजलं. एकशे सत्तर.

डॉक्टरीणबाईंच्या डबीपेक्षाही बिघडलेलं निघालं. नवं कोरं, आणि पहिल्याच दिवशी दगा.

१४ फेब्रुवारी

आमच्या धंद्याचा पहिला नियम: नवीन गेजवर विश्वास ठेवायचा नाही. आधी मास्टर गेजशी ताडायचं. मास्टर म्हणजे ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा असं.

प्रश्न असा की माणसाच्या दाबाचा मास्टर कोण? विचार करून उत्तर सापडलं. मी. मला गरगरत नाही, घाम फुटत नाही, जिना चढताना गुणगुणतो. असा माणूस एकशे बत्तीसचा असतो. फार तर चौतीस.

मागचं झाकण उघडलं, सुईला अडवणारी पिन काढली, तबकडी फिरवली. परत मोजलं. एकशे बत्तीस. किती नेमकं! स्क्रूवर सील म्हणून माझा लाल ठिपका लावला. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक गेजवर हा ठिपका असतो. ब्रश उचलताना मनगटाला जो झटका बसतो त्याने ठिपक्याला बारीक शेपूट येतं. ते दुसऱ्या कोणाला जमत नाही. तो ठिपका फोडायचा नाही, हा या लाइनीतला धर्म आहे.

हवा सोडली की सुई शून्याच्या बरीच मागे जाऊन बसते. बसू दे. काम करून आलेलं माणूस जरा मागे रेलतंच.

१९ फेब्रुवारी

हिचं मोजलं. एकशे दोन! म्हटलं, अगं, तू तर पार खाली गेलीस. चवळीने अंगातला जीव काढला. मीठ खा. दाणे घे माझ्यातले. ती म्हणाली, मला छान वाटतंय, पायांची सूजही उतरली. म्हटलं, वाटण्यावर जाऊ नये, आकड्यावर जावं.

तिने दंडावरचा पट्टा सोडवला. मग म्हणाली, आणि तुम्ही?

या घरात माझ्या कोणत्याही वाक्याला दुसरं वाक्य येतंच.

२७ फेब्रुवारी

आकडा एकशे चाळीस. किंचित वर. कारणं: १. उकाडा. २. टीव्हीवरची चर्चा. ३. हिने जेवताना पावडरच्या डब्यामागचा बारीक मजकूर भिंगातून मोठ्याने वाचला. मग सॉसेजच्या पाकिटावरचा, मग माशांच्या डब्यावरचा. सोडियम, सोडियम, सोडियम. जेवताना असं कोणी वाचलं तर कोणाचाही दाब वाढेल.

उपाय: बारीकसं फाइन ट्यूनिंग. आता एकशे अठ्ठावीस. सुई अजून थोडी मागे रेलते.

कुंडीतलं झाड मात्र टवटवीत आहे. त्याला बीपी नसावं.

६ मार्च

भाचा आला. बहिणीचा मुलगा. पंधरा वर्षं माझ्या हाताखाली आहे, पस्तिशीचा झाला, दोन मुलांचा बाप. तोंडात शब्द नाही, पण हात चांगला. शटडाउनची यादी केली. शिडीवर मी, खाली तो. नेहमीप्रमाणे.

त्याला माझी प्रगती दाखवावी म्हणून त्याच्या दंडाला पट्टा बांधला. त्याचा आकडा आला सत्तर. म्हटलं, अरे, तू जिवंत कसा? प्रोटीन खा! कॅप्सूल देऊ?

त्याने पट्टा सोडला, फुग्यातली हवा सोडली, आणि तबकडीकडे बघत बसला. चहाचा कप संपेपर्यंत बघत होता. मग म्हणाला, मामा, सुई शून्यावर नाही.

म्हटलं, ती माझ्या शून्यावर आहे.

त्याने कप विसळून ठेवला आणि गेला. जाताना मामीला विचारत होता, मामी, तुम्ही गोळी घेता ना? घेते, म्हणाली. मीठ? मीठ नाही घेत. हे काय संभाषण झालं! माझ्या घरात, माझ्या मागे, माझ्या विरुद्ध मिठावर चर्चा.

११ मार्च

ऐकलं. ऐकायला नको होतं, पण कान आहेत.

मी बाथरूममध्ये तोंडाला साबण लावून उभा होतो. स्वयंपाकघरात भाचा आणि ही कुजबुजत होते. भाचा म्हणाला, मामी, शटडाउनच्या आधी केलेलं बरं. ही म्हणाली, त्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. तो म्हणाला, ते झोपले की काढतो, पाच मिनिटांचं काम. ही म्हणाली, मला तर वाईट वाटतं रे, एवढ्या हौसेने बसतात. तो म्हणाला, वाईट मलाही वाटतं. पण असंच गेटवर गेले तर जास्त वाईट होईल.

डोळ्यांत साबण गेला, पण मी पाणी घेतलं नाही. सगळं लख्ख दिसलं. माझं काम काढून घ्यायचा बेत आहे. शिडी! याला शिडी पाहिजे. पंधरा वर्षं खाली उभा राहून याची मान दुखली. आणि ही सामील. माझ्या पाठीत खंजीर, तोही माझ्याच स्वयंपाकघरातून.

निश्चय: बोलायचं नाही. गेटवर एकशे अठ्ठावीस दाखवायचे आणि दोघांची तोंडं बघायची. खाऱ्या दाण्यांची दुसरी बरणी आणली.

१५ मार्च

एकशे अठ्ठ्याऐंशी.

परत मोजलं. एकशे शहाऐंशी. उजव्या हातावर, डाव्या हातावर, उभ्याने, बसून. पहिल्यांदाच खरोखर गरगरलं. काल एकशे तीस होते! एका रात्रीत माणूस एवढा चढत नाही. काहीतरी खाल्लं गेलंय.

संशयित एक: पावडर. तडक बायसेपकडे. म्हटलं, डब्यात काय भरतोस? तो म्हणाला, काका, पावडरने प्रेशर उतरेल असं मी कधी म्हटलं? फरक जाणवेल म्हटलं. अजून काय काय खाता? मी सांगितलं. खारे दाणे म्हणताच त्याने डोळे मिटले. सॉसेज म्हणताच डोक्याला हात लावला. मग टेबलाचा खण उघडून एक छोटी गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली.

मी विचारलं, हे कुठलं प्रोटीन? म्हणाला, प्रेशरची आहे. तीन वर्षं झाली. डॉक्टरीणबाईंचीच.

माळा, नळ्या, वीस प्रकार, सगळं मला. आणि स्वतः गोळी! जगात कोणाचा भरवसा धरावा?

१५ मार्च, संध्याकाळ

मशीन उलटं केलं. स्क्रूवर ठिपका आहे. लाल आहे. गोल आहे.

शेपूट नाही.

सुई शून्यावर शांत उभी. पिन जागच्या जागी.

१६ मार्च

भाच्याला बोलावून घेतलं. विचारलं, माझं सील कोणी फोडलं? म्हणाला, मी. एवढ्या सरळ म्हणाला की मला ओरडायला जागा मिळेना. तरी ओरडलो. दुसऱ्याचा ठिपका फोडणं म्हणजे काय हे तुला ठाऊक नाही? मी तुला पाना धरायला शिकवलं!

तो म्हणाला, मामा, शून्य चुकलेलं गेज हातातून बाहेर जाऊ द्यायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. म्हटलं, बाहेर कुठे गेलं? घरात आहे! तो म्हणाला, घरातच तर मामी आहेत. तुम्ही त्यांना मीठ खायला सांगत होता.

ही मध्ये पडली. अहो, त्याच्यावर काय ओरडता, मीच त्याला तो ठिपका काढ म्हटलं. आणि लगेच, कपाळाला आठ्या घालून, जेवून जा रे, वाटाणे केलेत. घराचे दोन तुकडे होत असताना हिला वाटाणे सुचतात.

भाच्याला सांगितलं, शटडाउनला येऊ नकोस. मी एकटा करीन. शिडीवरही मी, खालीही मीच. तो उंबऱ्याशी वळला. मग म्हणाला, मामा, शिडी धरायला तरी कोणी लागेल. आणि गेला.

तबकडी परत माझ्या शून्यावर आणली. शेपटीसकट ठिपका लावला. एकशे तीस. घर जाग्यावर आलं.

२४ मार्च

जंगी तयारी. चार दिवस डबल प्रोटीन. कॅप्सूल संपवल्या. खारे दाणे काल बंद केले, म्हणजे कोणी म्हणायला नको. (आज थोडे.) घरच्या मशीनवर एकशे चौतीस. मान जड आहे, ती उशीमुळे.

उद्या गेट. दवाखान्याचं मशीन जास्त दाखवणारच, ती मंडळी वस्तू वापरतात पण जपत नाहीत. भाषण तयार आहे: सिस्टर, तुम्ही माणसं तपासता, यंत्रं मी तपासतो. या मशीनवर कोणाची सही आहे? नाही ना? मग झालं.

२५ मार्च

दवाखान्यातली सिस्टर जुनी. केस पांढरे झाले तरी आवाज तोच, शिपायालाही अरे बाळा म्हणते. मला बसवलं, पाय खाली टेकवा म्हणाली, बोलू नका म्हणाली. पट्टा बांधला. सुईचं मशीन होतं, म्हणून आधी मला जरा बरं वाटलं.

एकशे नव्वद.

पाणी दिलं. बाकावर शांत बसवलं. परत मोजलं. एकशे अठ्ठ्याऐंशी. सेफ्टी ऑफिसर दारात येऊन उभा राहिला. वयाने लहान, गळ्यात शिट्टी.

मी भाषण काढलं. चांगलं झालं. सिस्टर, तुम्ही माणसं तपासता, यंत्रं मी तपासतो, इथपर्यंत तर शिपायाने मान डोलावली. मग विचारलं, या मशीनवर कोणाची सही आहे?

सिस्टरने मशीन उलटं केलं आणि माझ्या पुढ्यात धरलं.

लाल ठिपका. बारीक शेपटीसकट.

ती म्हणाली, काका, मागच्या शटडाउनला तुम्हीच नाही का म्हणालात, आणा तेही, जाता जाता बघून देतो? चहा पीत इथेच बसला होतात, याच बाकावर.

आठवलं. बसलो होतो. मास्टरशी ताडून, प्रत्येक आकड्यावर थांबून, नीट केलं होतं. तेव्हा मला बीपी नव्हतं, त्यामुळे कामात लक्ष होतं.

ऑफिसर म्हणाला, काका, मशीनमध्ये फॉल्ट असेल तर सांगा, दुसरं मागवतो. भला मुलगा. त्याने दार उघडं ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. पण त्याच्या मागे खिडकीतून बॉयलर हाउस दिसत होतं. बॉयलरवर माझा ठिपका. वाफेच्या प्रत्येक लाइनवर माझा ठिपका. माणसं त्या सुयांकडे बघून व्हॉल्व्ह उघडतात. हा ठिपका खोटा म्हटला की ते सगळे खोटे.

म्हटलं, मशीन बरोबर आहे.

सिस्टरने खांद्यावर हात ठेवला. ऑफिसरने मान खाली घातली. आणि मी वर बघितलं तर गेटपलीकडे भाचा उभा. हातात हत्यारांची पिशवी, काखेत दोरी. मी येऊ नकोस म्हटलं होतं. हिने पाठवला असणार. दोघांनी मिळून माझा पराभव आधीच पॅक करून आणला होता.

त्याला आत बोलावलं. सांगितलं, तिसऱ्या टाकीवरचा गेज आवाज करतो, कान लाव. हो म्हणाला. वरच्या शिडीची चौथी पायरी हलते. हो म्हणाला. खिशातून लाल रंगाची बाटली काढून त्याला दिली. त्याने घेतली नाही लगेच. म्हणाला, मामा, मला शेपूट येत नाही.

म्हटलं, गोल लाव. सगळ्यांना कळू दे, तुझा आहे.

दिवसभर गेटवरच्या खोलीत बसलो. सिस्टरने मला ॲम्ब्युलन्सची भीती घालून डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या फोनवर फक्त एवढंच म्हणाल्या, काका, गोळी घेता ना? मी म्हटलं, कुंडी घेते. त्यांना विनोद कळला नाही.

संध्याकाळी शेजारून आवाज ऐकू येत होते. पाना फिरल्याचा, झाकण बसल्याचा. एकही चुकला नाही. मी प्रत्येक वेळी चुकावा म्हणून कान देऊन होतो. एकही नाही.

२ एप्रिल

गोळी चालू. घरचं मशीन शून्यावर आणलं. खऱ्या. पिन बसवली. ठिपका भाच्याला लावायला सांगितला.

माझा आकडा: एकशे छपन्न. उतरतोय म्हणे.

हिचा: एकशे चोवीस.

दोन महिने फक्त डाळी, चवळी, वाटाणे, मीठ नाही, गोळी रोज, आणि तक्रारीचा एक शब्द नाही. पहिल्या दिवसापासून मी जे सांगत होतो तेच शेवटी खरं ठरलं. प्रोटीनने दाब उतरतो.

फक्त ते हिने खाल्लं.